कोटेशन खालून वर वाचा

बारावीचे निकाल लागले, सांगलीच्या वालचंदच्या आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशयाद्या आल्या, की सातारा-सांगलीच्या घराघरांत पहिल्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. दुकानातून कोटेशन येतं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत प्रोसेसर, त्याखाली मदरबोर्ड, रॅम, डिस्क. आणि अगदी तळाला एक ओळ : ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. पुढे ना कंपनीचं नाव, ना काही आकडे.

पहिल्यांदाच स्वतः भाग निवडून कॉम्प्युटर जोडणाऱ्यांनी हा कागद खालून वर वाचावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. विहिरीवर मोटर बसवणारा शेतकरी आधी विहिरीची खोली बघतो, पाइपलाइन किती लांब आहे ते मोजतो, लाइट किती दाबाने येते याचा अंदाज घेतो, आणि मग किती एचपीची मोटर घ्यायची ते ठरवतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. आधी काम काय करायचं ते ठरवा, मग घरातली वीज आणि खोलीतली हवा बघा. प्रोसेसर शेवटी.

भाग एकमेकांत बसतात कसे?

कॅबिनेट एका कंपनीचं, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची आणि तरीही सगळं एकमेकांत बसतं, यामागे इतिहास आहे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो घाईने उभा करायचा होता, म्हणून कंपनीने बाजारात मिळणारे भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतल्या रचनेची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून प्रसिद्ध केली. त्यामुळे इतरांना त्यात बसतील असे भाग आणि तसेच कॉम्प्युटर बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण आणलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं कुठे, विजेचा जोड कसा, हे सगळं त्यात ठरलं. घरगुती कॉम्प्युटरमध्ये आज सर्रास दिसणारा मायक्रो-एटीएक्स बोर्ड म्हणजे त्याचंच २४४ मिलिमीटरचं चौकोनी रूप.

दोन ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. प्रोसेसर आणि मदरबोर्डाचं सॉकेट एकच हवं. रॅमची पिढीही बोर्डाला चालणारी हवी. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर-४ रॅम लागते, एएम-५ वर फक्त डीडीआर-५. इंटेलच्या एलजीए-१७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले, पण दुकानात समोर असलेला बोर्ड नेमका कोणत्या रॅमचा आहे, हे त्याच्या खोक्यावर वाचूनच घ्यावं. दोन्ही पिढ्यांच्या रॅमपट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. बहुतेक वेळा एकतर ती उलटी धरलेली असते किंवा चुकीची असते.

एसएमपीएसचं लेबल

महावितरणची वीज घरात २३० व्होल्टने येते आणि सेकंदाला ५० आवर्तनं करते. कॉम्प्युटरच्या चिप्सना असली वीज चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर करणारा पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

त्याच्या अंगावरचं लेबल वाचायला शिकणं ही या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी विद्या आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ असं छापलेलं असतं. ते सोडून खालचा बारीक तक्ता बघा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अ‍ॅम्पिअर लिहिलंय? समजा १६ आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून तुमच्या कामाचा आकडा १९२ आहे, ४५० नव्हे. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचं हे उत्तर छापलेल्या एकूण वॉटच्या अगदी जवळ येतं.

मग गरज किती? साधा प्रोसेसर ६५ वॉटचा असतो, जोर लावताना काही क्षण ९० च्या घरात जातो. बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांना मिळून ४०-५० वॉट पुरतात. मध्यम ग्राफिक्स कार्ड बसवलं, उदाहरणार्थ एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, तर त्याचे ११५. बेरीज २५० च्या आसपास. म्हणजे ४५० ते ५५० वॉटचा प्रामाणिक एसएमपीएस भरपूर झाला. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ पासून दिलं जातं. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज भागांपर्यंत पोहोचते, असा त्याचा अर्थ. उरलेल्या विजेची उष्णता होते आणि तिचेही पैसे आपण बिलात भरतो.

लाइट जाते तेव्हा

चांगल्या एसएमपीएसच्या आत एक जाडजूड कपॅसिटर असतो. लाइट गेली तरी त्यातल्या साठ्यावर कॉम्प्युटर साधारण १६ मिलिसेकंद चालतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे ही उसंत एका आवर्तनापेक्षाही कमी. यूपीएसला तेवढ्यातच बॅटरीवर यावं लागतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का ते बघावं. साध्या मोडमध्ये पंखा-दिव्यांना कळणारही नाही एवढा खंड पडतो, पण तेवढ्याने कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि डिस्कवर लिहिणं अर्धवट राहतं.

यूपीएसवरचा आकडाही फसवा असतो. ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॉट नव्हेत; स्वस्त यूपीएसमध्ये ते जेमतेम ३६० वॉट भरतात. यूपीएस कामाला लावायचा तो फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता.

आता अर्थिंग. अनेक घरांत कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मंद उजळतो. ‘थोडा करंट येतोच’ म्हणून लोक सोडून देतात. या मुंग्यांचं कारण सोपं आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. तार जोडलेलीच नसेल तर पत्रा दोन्ही तारांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार कमी असल्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. पण आत कुठे तारेचं आवरण निघालं तर जीव वाचवणारी तीच तार असते, आणि ती घरात नाही असा त्या मुंग्यांचा अर्थ आहे. जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. कॉम्प्युटर आणण्याआधी वायरमन बोलावून ते तपासून घ्यावं. भाग निवडण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

ऊन, पाऊस, धूळ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतकी वेगवेगळी हवा इतक्या जवळ क्वचितच सापडते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत जेमतेम ५०० च्या आसपास. कॉम्प्युटर कुठे राहणार आहे, त्यावर काळजी बदलते.

प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरने न हटवलेली वाढ. एखादा कूलर पूर्ण भारावर ही वाढ ४५ अंशांवर रोखत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर राहील आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ वर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या जवळ आपणहून वेग कमी करतात. म्हणजे महाग प्रोसेसर घेऊन कूलर आणि हवा यांत काटकसर केली, तर विकत घेतलेला वेग उन्हाळ्यात मिळतच नाही. शिवाय चिपमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढवलं की उष्णता २१ टक्के वाढते. जास्त वेगासाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं, वेगाचे शेवटचे काही टक्के म्हणूनच फार महाग पडतात.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात. दोन्ही धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अगदी वाईट वाहक. पेस्ट तिच्यापेक्षा शंभरपटींहून चांगली. पण तांब्याच्या मानाने पेस्टही फार मागे, म्हणून मटारच्या दाण्याएवढी पुरे. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो.

माण-खटाव, जतच्या बाजूला आणि उसाचं पाचट जळतं तिथे सगळीकडे, धूळ आणि काजळी हा मोठा शत्रू. कॅबिनेट जाळीचं घ्यावं, पण हवा आत येणाऱ्या बाजूला काढून धुता येणारा फिल्टर असावा. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो जोरात फिरला तर स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे प्रश्न ओलाव्याचा. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावं. आतली हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि जोडांवर गंज धरत नाही. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नयेत. त्याच फटीतून पाली आणि मुंग्या आत जातात आणि उबेला बसतात.

डिस्क आणि रॅम

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला विचार इथे कामाला येतो. एखाद्या यंत्राचा एकच भाग वेगवान केला, तर फायदा तेवढाच होतो जेवढा वेळ तो भाग वापरला जातो. समजा एखादं काम १० सेकंद घेतं आणि त्यातले ६ सेकंद डिस्कची वाट बघण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर उरलेल्या ४ सेकंदांचे २ होतात, एकूण ८. डिस्क बदलून ६ चा १ केला तर एकूण ५.

डिस्क एवढी मागे का? ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा वाचण्याच्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद लागतात. ते टोक सरकायला आणखी ८-९. एसएसडीमध्ये काही फिरत नाही, तिथे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. जवळपास शंभरपट फरक. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीवरच हवी. हार्ड डिस्क फोटो आणि व्हिडिओ साठवायला.

रॅम १६ जीबी घ्यायची असेल तर शक्यतो ८ च्या दोन पट्ट्या घ्या. ३२०० वेगाची डीडीआर-४ पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते; दोन पट्ट्या दोन वाटांनी दुप्पट. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक फार जाणवतो, कारण तेव्हा चित्रही याच रॅममधून निघतं. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने जगभर रॅमचे भाव चढले, त्याची झळ इथल्या दुकानांपर्यंत आली. म्हणून बोर्डावर रॅमच्या चार जागा असतील तर आज दोन भरून दोन मोकळ्या ठेवता येतात.

आता प्रोसेसर

इथवर आलं की प्रोसेसरची निवड सोपी होते. टॅली, अभ्यास, प्रोग्रॅमिंग शिकणं यासाठी चार-सहा कोअरचा साधा प्रोसेसर, ज्यात ग्राफिक्स आतच आहे, भरपूर होतो. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या एएम-४ पिढीत रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही, ५६००-जी मध्ये आहे. एका अक्षराच्या फरकाने मॉनिटर काळाच राहतो आणि नवखा माणूस मशीन बिघडलं असं समजतो. थ्री-डी डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तरच स्वतंत्र कार्डाचा खर्च करावा.

कृष्णाकाठच्या घरांना एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये, आणि कामाच्या फाइलींची एक प्रत घराबाहेर असावी. एम.२ प्रकारची एसएसडी २२ बाय ८० मिलिमीटरची असते आणि एका स्क्रूवर बसते. पाणी चढू लागलं तर ती काढायची कशी, हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावं.

प्रोसेसर चार-पाच वर्षांत मागे पडतो. चांगला एसएमपीएस, हवेशीर कॅबिनेट, मॉनिटर आणि घरातलं अर्थिंग पुढच्या कॉम्प्युटरलाही तसेच उपयोगी पडतात, म्हणून पैसा आधी तिथे घालावा. आणि प्रत्येक भाग का घेतला हे ज्याला माहीत असतं, तो मशीन बंद पडल्यावर घाबरत नाही. एक रॅमपट्टी काढून बघतो, दुसरा एसएमपीएस लावून बघतो, दोष शोधतो. अभियांत्रिकीचा पहिला धडा त्याने घरच्या टेबलावरच गिरवलेला असतो.