आठवड्याची झोप रविवारी भरून निघते का?

सोमवार, रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील एडिसनमध्ये एका मराठी घरात धाकटी नुकतीच झोपली आहे, थोरल्याचा गृहपाठ अजून चालू आहे. वडिलांनी लॅपटॉप उघडला आहे, कारण पुण्यात सकाळचे सात वाजले आहेत आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबरची बैठक याच वेळी असते. ती अकराला संपते. मग सोलापूरला फोन. बाबांनी रक्तदाबाची गोळी घेतली का, आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये काय आले, अशी विचारपूस होते. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा वाजतात. सकाळी सहाला गजर, कारण मुलांचे डबे आणि शाळेची बस.

मंगळवारी पोहणे, बुधवारी कथक, गुरुवारी फुटबॉल. प्रत्येक ठिकाणी मुलांना गाडीने सोडायचे आणि आणायचे. हाताशी आजी नाही, कामाला मावशी नाहीत. शनिवारी किराणा, कपडे धुणे आणि कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस. रविवारी मराठी शाळा, सप्टेंबर असेल तर गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम. दुबई असो वा लंडन, तपशील बदलतात, धावपळ तीच.

या आठवड्यात कशाला कात्री लागते? झोपेला. प्रौढांना रोज किमान ७ तास झोप हवी. या घरातल्या आईवडिलांना साडेपाचच मिळते. पाच रात्रींची तूट होते साडेसात तास, म्हणजे आठवड्यातून एक अख्खी रात्र गायब!

त्याची किंमत शरीर लगेच मोजू लागते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त ४ तास झोपू दिले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, त्यांच्या रक्तातील साखर हाताळण्याची शरीराची क्षमता तेवढ्याच दिवसांत घटलेली दिसली. चार तास ही टोकाची स्थिती होती हे खरे. पण भारतीय वंशाच्या लोकांना मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. त्यामुळे आपल्याकडच्यांनी ही सूचना अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

‘शनिवार-रविवार भरपूर झोपू’ हा नेहमीचा उपाय. त्याने थकवा उतरतो, पण नुकसान पुरते भरून निघत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात काही जणांना आठवडाभर ५ तासच झोपू दिले आणि सुटीच्या दिवशी हवे तेवढे झोपण्याची मुभा दिली. पुन्हा कमी झोपेचा आठवडा सुरू झाल्यावर त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेलाच आढळला.

याचे एक कारण मेंदूतील जैविक घड्याळ. सकाळचा उजेड ते लावून देतो, अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते. रविवारी दहापर्यंत झोपले की हे घड्याळ मागे पडते. रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी सकाळी विमान प्रवास न करताच ‘जेट लॅग’ जाणवतो.

मुलांची गरज तर आणखी मोठी. ६ ते १२ वर्षे वयाला ९ ते १२ तास, किशोरांना ८ ते १० तास. चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणे यामागे अनेकदा अपुरी झोप असते. अमेरिकेत मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, म्हणून त्या मुलांना डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत.

काय करता येईल? सुटीच्या दिवशी उठण्याची वेळ तासाभराहून अधिक बदलू नये. रात्रीची बैठक टळत नसेल, तर ती आठवड्यातल्या ठरावीक दोनच रात्री ठेवावी. मुलांचा एखादा वर्ग कमी केला तर बिघडत नाही. झोप कमी झालेल्या दिवशी लांबचे ड्रायव्हिंग टाळावे. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणे, यासाठी मात्र डॉक्टरांना दाखवावे.

अर्धे काम इथल्या घरांचे आहे. सकाळी चहाबरोबर आपण सहज फोन लावतो, तेव्हा तिकडे झोपायची वेळ टळून गेलेली असते. एडिसनमध्ये शनिवारी सकाळी नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. देवापुढे दिवा लावून झाल्यावर गप्पा मारायला ही वेळ उत्तम. औषधांची यादी, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर मुलांकडे आधीच देऊन ठेवावा. म्हणजे रोज रात्री काळजीने फोन करावा लागणार नाही आणि अडीअडचणीला मध्यरात्री केलेला फोन नक्की उचलला जाईल.

‘जेवलास का?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. त्याला आणखी एक जोडावा: ‘काल किती तास झोपलास?’