एप्रिलचे डॉलर ऑक्टोबरच्या हिशेबात

“अहो, एप्रिलमध्ये आपण कर भरला होता ना? मग आता पुन्हा ८०० डॉलर कसले निघताहेत?” अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात ऑक्टोबर महिन्यात असा प्रश्न सहज कानावर पडेल.

तिथे प्राप्तिकराचे विवरणपत्र साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत द्यायचे असते. पण त्यांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. पुण्या-नाशिकच्या बँकेतील ठेवींचे व्याजही तिथे दाखवावे लागते आणि तो हिशेब जुळवता जुळवता मुदत संपत येते. मग फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घेतली जाते. मात्र ही वाढ फक्त कागदपत्रांना मिळते, पैशांना नाही. कर अंदाजाने का होईना, एप्रिलमध्येच भरावा लागतो. नाही तर थकलेल्या रकमेवर व्याज आणि साधारणपणे दरमहा अर्धा टक्का दंड.

गोंधळ होतो तो पुढे. एप्रिलमध्ये भरलेली ही रक्कम विवरणपत्रात आपण स्वतः मांडायची असते. २०२४ च्या विवरणपत्रात तिची जागा आहे शेड्यूल ३ ची १० वी ओळ. पगारातून कापलेला कर आणि तिमाही आगाऊ कर यांच्या ओळी वेगळ्या आहेत, त्यांत ती घालू नये. क्रेडिट कार्डाने भरणा केला असेल तर त्यासाठी द्यावे लागलेले जादा शुल्कही तीत मिळवायचे नसते.

आता ते ८०० डॉलर. समजा, मुदतवाढ मागताना नवऱ्याने आपल्या नावावर १,२०० डॉलर भरले आणि बायकोने तिच्या नावावर ८००. विवरणपत्र मात्र दोघांचे एकत्र. तिथे २,००० लिहायला हवे होते, लिहिले गेले १,२००. (घरचा हिशेब म्हणजे नवऱ्याचा हिशेब, ही सवय साता समुद्रापारही सुटत नाही!) उलट, मुदतवाढ एकत्र मागितली आणि विवरणपत्रे वेगवेगळी दिली, तर ती रक्कम दोघांपैकी एकाने दाखवावी किंवा आपसात ठरवून वाटून घ्यावी.

एप्रिलची पावती म्हणूनच जपून ठेवावी. ती सापडत नसेल तर करखात्याच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात भरणा केलेल्या रकमा पाहता येतात. पण खाते दोघांनीही उघडून पाहावे. बायकोने तिच्या नावावर भरलेले ८०० डॉलर नवऱ्याच्या खात्यात शोधून कसे सापडणार?