दागिन्यातला घोडा कुणाचा?

घोड्यावरचे जुने दागिने जमवणाऱ्याची पेटी उघडली, तर तिच्यात घोडा फारसा सापडत नाही. सापडतो तो नाल. त्याच्या शेजारी चाबूक, रिकीब, लगामाची कडी, खोगीर, जॉकीची टोपी आणि तोंड वासलेला कोल्हा. या जातीचे बहुतेक दागिने इंग्लंडमध्ये साधारण १८६० ते १९१४ या काळात घडले. ब्रोच, टायपिना, कफलिंका, ब्रेसलेट अशा रूपांत ते आजही लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरत असतात. घेणारा बहुधा घोड्याच्या हौसेने येतो आणि हिरे किती, चित्र किती सुबक, वजन किती, यावर पसंती ठरवतो. मला ही पसंती उलटी वाटते. हे दागिने घोड्याविषयी थोडे सांगतात आणि घोड्याशी आपला संबंध आहे असे चारचौघांत दाखवू पाहणाऱ्या माणसांविषयी पुष्कळ सांगतात. हे एकदा मान्य केले, की राजघराण्याच्या थाटाचा हिऱ्यांचा नाल मागे पडतो आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यात ठशाखाली ठोकलेला नऊ कॅरटचा, कारकुनाच्या बायकोला परवडेल असा नाल पुढे येतो.

पुरावा नालापासूनच घेऊ. खऱ्या नालाला बहुधा सात खिळे असतात, पण ते दोन्ही बाजूंना मारलेले. खुराच्या अगदी पुढच्या टोकाला नालबंद खिळा ठोकत नाही. हिऱ्यांचा किंवा नीलमण्यांचा नाल पाहावा, तर सर्वांत मोठा खडा नेमका तिथेच बसवलेला असतो आणि दोन्हीकडे खडे लहान लहान होत जातात. जवाहिऱ्याने नाल घोड्याच्या पायात पाहिलेला नाही, शुभचिन्ह म्हणून ऐकलेला आहे. आपल्याकडे काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी शनीसाठी घालतात तेव्हा निदान लोखंड खरे असावे, ते घोड्याच्या पायाखाली झिजलेले असावे, असा आग्रह असतो. इंग्लंडमधल्या सोन्याच्या नालाला ती अटही नव्हती. त्याची चलती वाढवली ती शर्यतीच्या मैदानाने. १८९६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डच्या, पर्सिमन या घोड्याने डर्बी जिंकली. १९०९ मध्ये, तो राजा असताना, त्याच्या मिनोरूने पुन्हा जिंकली. राजपुत्रच तबेल्यात रमतो म्हटल्यावर गळ्याशी नाल लावणे हे एकाच वेळी नशिबाचेही झाले आणि फॅशनचेही.

त्याहून बोलका पुरावा म्हणजे या दागिन्यांत कोणता घोडा दिसत नाही. रेल्वे आली म्हणून इंग्लंडमधले घोडे कमी झाले, हा आपला सोयीस्कर समज. शहरांत ते उलट वाढले. स्टेशनवर उतरलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोते पुढे घोड्यानेच जायचे. कोळशाच्या गाड्या, बसगाड्या, दारूच्या पिंपांचे गाडे ओढणारी ही जनावरे लंडनच्या रस्त्यावर पावलोपावली दिसत. त्यांतले एकही जनावर सोन्याच्या ब्रोचवर चढलेले सहसा आढळत नाही. तिथे शर्यतीचा घोडा आहे, नाहीतर शिकारीत कुंपणावरून झेप घेणारा. गाडीच्या घोड्याला स्वतःचे दागिने मात्र होते : पट्ट्यावर लावायचे पितळी बिल्ले, चंद्र-सूर्याचे, तारे-फुलांचे, गाडीवानाने घासूनपुसून लखलखीत ठेवलेले. १८८५ मध्ये लंडनमध्ये गाडीच्या घोड्यांना बरी वागणूक मिळावी म्हणून त्यांच्या वार्षिक मिरवणुकीची संस्था निघाली, तेव्हा हे बिल्ले आणखी भावात आले. आज ते जमवणारे निराळे, सोन्याचे ब्रोच जमवणारे निराळे. दोन्ही एकाच पेटीत ठेवले तर त्या समाजाची उतरंड दिसते. मालक घोड्याचे चित्र अंगावर मिरवतो आणि गाडीवान आपले पितळ घोड्याच्या अंगावर घालतो.

मग प्रत्यक्ष खोगिरावर बसणारी माणसे काय घालत? शिकारीला जाताना गळ्याभोवती ‘स्टॉक’ नावाचा लांब पांढरा कापडी पट्टा गुंडाळत आणि त्यात एक आडवी पिन लावत. पट्टा नुसता शोभेचा नव्हता. पडझड झाली तर तो सोडून स्वाराच्या हाताला झोळी करता यायची, घोड्याच्या पायाला बांधता यायचा. पिन मोठ्या सेफ्टी पिनसारखी, सोन्याची, तीन इंचांच्या आसपासची आणि शिष्टाचाराप्रमाणे कोरी. आडवी अशासाठी, की पडताना टोक गळ्यात घुसू नये. घोड्याच्या पाठीवर खरोखर गेलेला दागिना तो हाच आणि त्यावर बहुधा घोडा नसतो! चाबूक-रिकिबीच्या नक्षीच्या पिना पुष्कळ मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा दिवाणखान्यातल्या. १८७०च्या दशकात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ शिकारीसाठी इंग्लंड-आयर्लंडला येऊ लागली. तिची घोडेस्वारी वर्तमानपत्रांचा विषय झाली. असल्या बातम्या वाचणाऱ्या सगळ्याच स्त्रियांच्या दारी घोडा नव्हता. ब्रोच मात्र त्यांना घेता येत होता.

यावर आक्षेप येईल की हे फार कठोर झाले, त्या लोकांचे घोड्यांवर खरे प्रेमही असेलच. होते, आणि त्याचे पुरावे दागिन्यांतच आहेत. १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईत मराठी फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. वॉटर्लूच्या लढाईत तो ज्याच्यावर बसला होता त्या कोपनहेगन घोड्याचे केस स्त्रियांनी दागिन्यांत जपले. १८३६ मध्ये हा घोडा मेला तेव्हा त्याला लष्करी इतमामाने पुरले. दुसरा पुरावा ‘एसेक्स क्रिस्टल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्फटिकांचा. वरून घुमटासारखा, खालून सपाट असा पारदर्शक स्फटिक घ्यायचा, सपाट बाजूने घोड्याचे डोके खोल कोरायचे आणि त्या खळग्यात बारीक कुंचल्याने रंग भरायचा. हे सगळे उलट्या क्रमाने. डोळ्यातला पांढरा ठिपका आणि कपाळावरचा टिळा आधी, अंगाचा तपकिरी रंग नंतर. चूक झाली तर वरून लपवायची सोय नाही. शेवटी मागे शिंपल्याचा पातळ पापुद्रा लावून बंद करायचे. वरून पाहिले की काचेत अडकलेल्या जिवंत जनावराचा भास होतो. इंग्लंडमध्ये थॉमस कुक या कारागिराने १८६०च्या दशकात ही कला नावारूपाला आणली. या कारागिरीपुढे माझा युक्तिवाद थोडा मागे सरकतो, हे कबूल. तरीही बहुतेक स्फटिकांतला घोडा नेमका कोणता, हे कळायला मार्ग नसतो. केसांच्या लॉकेटवर घोड्याचे नाव आणि साल कोरलेले असेल तर तो त्या घोड्याचा दागिना. नाहीतर तो घोडेवाल्याचा.

आता स्वस्त नालाकडे वळू आणि तो उलटा करून पाहू, कारण संग्राहकाचे अर्धे काम पाठीमागच्या बाजूला असते. पुढून फुगीर आणि मागून पोकळ असेल तर पातळ पत्रा ठशात दाबून केलेला, म्हणजे कारखान्याचा. नांगराचा छाप दिसला तर तपासणी बर्मिंगहॅमच्या कचेरीत झाली, ती १७७३ पासूनची. बिबळ्याचे तोंड लंडनचे. शेजारचे अक्षर दरसाल बदलते, त्यावरून वर्ष काढता येते. सर्वांत उपयोगी पडतो तो कॅरटचा आकडा. इंग्लंडने १८५४ मध्ये ९, १२ आणि १५ कॅरटच्या सोन्याला कायदेशीर मान्यता दिली, आणि १९३२ मध्ये १२ व १५ हे दोन्ही रद्द करून १४ आणला. तेव्हा ‘१५’ असा इंग्रजी ठसा असलेला नाल या अठ्ठ्याहत्तर वर्षांतला धरायला हरकत नाही. पुष्कळ लहान दागिन्यांवर पूर्ण छाप नसतातच, तिथे पिन पाहावी. जुन्या ब्रोचला साधा आकडा असतो, टोक त्याच्या बाहेर डोकावते. फिरवून बंद करायचा सुरक्षित आकडा विसाव्या शतकात रुळला. मात्र आकडा मागाहूनही बदलला जातो, म्हणून त्याच्या बुडाशी डाकाचा वेगळा रंग दिसतो का हे भिंगातून बघणे आलेच. नऊ कॅरट म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोने. बावीस कॅरटला सरावलेल्या आपल्या नजरेला हे जवळजवळ पितळ. पण नेमक्या याच हलक्या सोन्यामुळे घोडा न पाळणाऱ्या माणसालाही घोडेवाल्यांच्या खुणा लावणे जमले. हिऱ्याचा नाल श्रीमंताची श्रीमंती सांगतो, ती आपल्याला ठाऊकच होती. पत्र्याचा नाल एका अख्ख्या वर्गाची हौस सांगतो.

हजारोंनी निघालेल्या वस्तूत संग्रह करण्याजोगे काय, असे दर्दी विचारतील. एक तर हजारोंनी निघाल्या म्हणून हजारोंनी उरल्या असे होत नाही. हलका दागिना आधी चेपतो, मग मोडीत जातो. दुसरे, लबाडी तिथे होते जिथे पैसा असतो. टाय बांधण्याची रीत बदलल्यावर घोड्याच्या मुंडक्याच्या पिना पडून राहिल्या. त्यांची दांडी कापून मुंडके अंगठीवर किंवा ब्रोचवर चढवण्याचा धंदा जुनाच आहे. स्फटिकांच्या नावाखाली साच्यातली काच, नाहीतर छापील चित्रावर ओतलेले प्लास्टिकही खपवतात. खऱ्या स्फटिकात तो तिरका केला की कोरीव खोली दिसते, नकलीत चित्र सपाटच राहते. दोन-तीन ठिकाणच्या वस्तू जोडून एक केलेला, छाप नसलेला हिऱ्याचा नाल घेण्यापेक्षा डाग न दिलेला, छापाचा पत्र्याचा नाल घेणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. कोल्ह्याचे मुंडके आणि शिकारीचा चाबूक यांचा संग्रह म्हणजे एका क्रूर खेळाचे कौतुक नव्हे का? शिकारी कुत्र्यांनी कोल्हा मारण्याच्या या खेळावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४च्या कायद्याने बंदी आली. गाडीच्या घोड्यांची मान ताठ दिसावी म्हणून आखूड लगाम आवळण्याची रीत १८७७ मध्ये ॲना स्यूएलने ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत वेशीवर टांगली होती, म्हणजे त्या काळीही सगळे डोळे मिटून बसले नव्हते. पेटीतून कोल्हा काढून टाकला तर उरतो तो गोड, खोटा संग्रह. त्यापेक्षा चाबकाच्या पिनेशेजारी गाडीवानाचा पितळी बिल्ला ठेवावा आणि कशावर काय बेतले होते ते चिठ्ठीवर लिहावे.

राहता राहिला पैसा. मराठी घरात दागिना म्हणजे अडीनडीचा ठेवा. सराफ घट धरून, कस लावून मोडीचा भाव सांगतो. नऊ कॅरटचा इंग्रजी ब्रोच त्याच्यापुढे ठेवाल तर फजितीच होईल, कारण त्याची किंमत धातूत फारशी नाहीच. ती बनावटीत, अखंडपणात आणि छापांत आहे, आणि ती देणारे गिऱ्हाईक आपल्या पेठेत सहसा बसत नाही. गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊच नये. कायद्याचीही एक बाजू आहे. भारतात १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. तेव्हा घरातला जुना घोड्याचा दागिना किंवा देवघरातला खंडोबाचा घोड्यावरचा चांदीचा टाक परदेशातल्या मुलाकडे धाडायच्या आधी त्याचे वय विचारून घ्यावे. परदेशात खरेदी करणाऱ्याने विक्रेत्याकडून पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : काळ, कॅरट, कोणती दुरुस्ती झाली, आणि मूळ वस्तू हीच होती की दुसऱ्या कशाचे रूपांतर. शेवटच्या रकान्यात लिहायला विक्रेता कां-कूं करू लागला, तर तो ब्रोच तिथेच ठेवावा.