हाकेच्या अंतराचा हिशेब

‘हाकेच्या अंतरावर’ असे म्हणताना आपण आवाजाने जमीन मोजत असतो. पण हे माप एका दिवसातही स्थिर राहत नाही. सोनईच्या परिसरात गळीत हंगामात साखर कारखान्याचा भोंगा पहाटे अगदी वस्तीमागे वाजल्यासारखा वाटतो. दुपारी तोच जेमतेम कानी येतो. भोंगा तोच, अंतर तेच. बदलते ती मधली हवा. थंडीच्या रात्री जमीन निवते. तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेल्या लहरी वळून पुन्हा खाली येतात. दुपारी तापलेल्या रानावर याच्या उलट घडते. लहरी वर वळतात आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात.

म्हणून आवाजाच्या मोठेपणावरून अंतर ठरवले की फसगत होते. आवाजाच्या पोतावरून थोडाफार अंदाज येतो. वरात लांब असली की ढोल ऐकू येतो, झांज येत नाही. कारण हवा उंच स्वर आधी शोषून घेते.

खात्रीचा मार्ग वेळ मोजण्याचा. मद्रास वेधशाळेचे जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२०-२१ मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट येथील तोफांचा जाळ दिसल्यापासून बार ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८२३ साली छापला. ऋतूप्रमाणे ध्वनीचा वेग बदलतो, हे त्या नोंदींत दिसते. शून्य अंश सेल्सियसला हा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३० अंशांना तो ३४९ मीटर होतो. ढोबळमानाने तीन सेकंदांना एक किलोमीटर.

वळवाच्या दिवसांत रानात असणाऱ्याला हा हिशेब जीव वाचवण्यासाठी लागतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद गेले, तर ती दहा किलोमीटरवर आहे. मात्र मोजलेले अंतर झालेल्या विजेचे असते. पुढची कुठे पडेल, ते त्यातून कळत नाही. पावसाच्या सरींपासून दहा किलोमीटर दूरही वीज पडू शकते, आणि गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही. तापलेल्या हवेत तर त्याहून जवळचाही हुकतो. म्हणजे गडगडाट कानी पडला, तेव्हा आपण विजेच्या पल्ल्यात आलेलो असतो किंवा त्याच्या काठावर असतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. पण बांधावर मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कानच कामी येतात. पहिला गडगडाट ऐकताच झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.