दुसऱ्या डॉक्टरांचे मत का हवे?

अब्बा व्हेंटिलेटरवर आहेत, डॉक्टर म्हणतात, आशा नाही. मग मशीन काढायची का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार हे एकट्या डॉक्टरांनी ठरवायचे नाही. उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ प्रथम मत देतात. मग दुसरे मंडळ ते तपासते. त्यात पहिल्या मंडळातले कोणी नसते आणि एक डॉक्टर जिल्हा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला असतो. घरच्यांची संमतीही लागते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते.

इंजेक्शन देऊन जीव घेणे कायद्याने गुन्हा, शरीअतमध्ये हराम. निष्फळ उपचार थांबवणे हा वेगळा प्रश्न आहे. मुफ्तीसाहेबांना विचारायला जाताना दोन्ही मंडळांचे लेखी मत सोबत न्या. जीव ही अल्लाहची अमानत आहे. तिचा फैसला बिलाच्या धास्तीने किंवा घाईत होऊ नये.