नव्या घराचा आतला रंग : तारीख आधी की भिंत आधी?

बेळगावात स्वतःच्या जागेवर घर बांधणे हा आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात एकदाच येणारा प्रसंग असतो. पाया, स्लॅब, गिलावा, फरशी यांत वर्ष-दीड वर्ष जाते आणि रंगाची वेळ येते तेव्हा पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. त्यातच वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला, पत्रिका छापायला गेलेल्या, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची तिकिटे काढून झालेली. मग पंधरा दिवसांत सगळे घर रंगवून घेतले जाते. पहिला पावसाळा सरतो आणि हॉलच्या भिंतीवर फोड दिसू लागतात, पांढरी पूड झडते, कोपऱ्यात पापुद्रे सुटतात. रंगारी रंगाच्या कंपनीला दोष देतो, दुकानदार रंगाऱ्याला, आणि घरमालक दुसऱ्यांदा पैसे मोजतो.

सभासदांकडून याविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडत आहोत. घर बांधायला काढलेल्यांनी तो रंगाच्या वेळी नव्हे, गिलाव्याच्या वेळीच वाचावा.

जुनी सवय, नवी भिंत

शहापूर, वडगाव, अनगोळ भागांतील जुन्या घरांत चुन्याचा गिलावा असे आणि त्यावर चुन्याचीच सफेदी. गिलावा थोडा ओला असला तरी सफेदीचे काही बिघडत नसे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्या क्रियेला थोडी ओल लागतेच. शिवाय चुन्याच्या थरातून भिंतीतली वाफ सहज बाहेर पडते. म्हणून दसऱ्याच्या किंवा गणपतीच्या आधी चार दिवसांत घर सफेद करून घेणे शक्य होते.

आजची भिंत सिमेंटची आहे आणि रंग अ‍ॅक्रिलिक इमल्शनचा. इमल्शन वाळल्यावर भिंतीवर प्लास्टिकसारखा पातळ पडदा तयार होतो. भिंतीच्या पोटात पाणी असेल तर ते बाहेर येताना या पडद्याला आतून ढकलते. फोड येतात ते असे.

दुसरी गोष्ट क्षाराची. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना त्यातून चुन्याचा अंश सुटतो. ताजा गिलावा त्यामुळे अतिशय अल्कधर्मी असतो; त्याचा पीएच १२ ते १३ पर्यंत जातो. बाहेर येणारे पाणी हे क्षार सोबत आणते आणि ते पृष्ठभागावर पांढऱ्या खारासारखे जमतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. ऑइल पेंट अशा ताज्या भिंतीवर लावला तर क्षारामुळे त्यातील तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट पडून सुटतो. या दोन्ही दोषांवर महागडा रंग हा उपाय नाही. भिंत वाळू देणे हाच उपाय आहे.

किती दिवस थांबायचे?

गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. त्यानंतर तो वाळायला लागतो. रंगकाम सुरू करण्यापूर्वी गिलाव्याला किमान २८ दिवस झालेले असावेत, हा सर्वसाधारण नियम आहे. पण हा किमान काळ कोरड्या हवेसाठी आहे. जून ते सप्टेंबर या काळात बेळगावात भिंत वाळतच नाही. उलट हवेतला दमटपणा ती शोषून घेते. मे अखेरीस झालेला गिलावा जुलैत दोन महिन्यांचा होतो, तरी आतून ओलाच असू शकतो. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा भिंत तपासावी.

तपासणी घरच्या घरी होते. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर पक्का बसवा. एक पूर्ण दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंतीवर काळसर डाग पडलेला दिसला, तर भिंत अजून ओली आहे. बाथरूमला लागून असलेली भिंत, पश्चिमेची भिंत, जोत्याजवळची पट्टी आणि गच्चीखालचे छत या चार जागी ही परीक्षा अवश्य करा.

यापैकी एखाद्या जागी ओल जातच नसेल, तर तिचे मूळ आत नसून बाहेर असते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, छज्जाचा उतार, बाथरूमच्या नळजोडण्या आणि जोत्यावरचा ओल रोखणारा थर आधी पाहावा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती बाहेरून नीट रंगवून झाल्याशिवाय आतल्या बाजूस महाग रंग लावू नये.

कामाचा क्रम

चांगल्या रंगकामातील मोठा वाटा रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच पूर्ण झालेला असतो. क्रम साधारण असा ठेवावा :

१. खाचा बुजवणे. वायरिंग आणि नळांसाठी फोडलेल्या खाचा सिमेंटने भरून त्यांवरही पाणी मारावे. रंगाच्या आदल्या दिवशी भरलेली खाच पुढे केसासारख्या भेगेतून दिसते.

२. घासणे. गिलाव्यावरची सुटी वाळू दगडाने किंवा जाड पॉलिश पेपरने घासून धूळ झाडावी.

३. पुट्टी. बेळगावच्या दमट हवेत पांढऱ्या सिमेंटची पुट्टी योग्य. पूर्वी पीओपीची पुट्टी सर्रास वापरत. ती ओलीने मऊ पडते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी भिंतीवर थोडे पाणी शिंपडतात, कारण तीही सिमेंटसारखी पाण्यानेच घट्ट होते. दोन पातळ हात द्यावेत. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपासच असावी. भिंत वेडीवाकडी असेल तर ती गिलाव्यात सुधारायची असते. पुट्टीचा जाड थर चढवून भिंत सरळ केली की तो थर पुढे सुटतो.

४. पुन्हा घासणे. पुट्टी वाळल्यावर १८० नंबरच्या आणि मग त्याहून बारीक पॉलिश पेपरने. अंधार पडल्यावर भिंतीला बॅटरी तिरकी टेकवून पाहा. उंचवटे, खड्डे, पट्टीचे ओरखडे लगेच दिसतात. दोष दाखवण्याची हीच वेळ. रंग लागल्यावर दाखवलेला दोष कोणी मनापासून दुरुस्त करत नाही.

५. प्रायमर. प्रायमर पुट्टीच्या आधी की नंतर, हा नेहमीचा प्रश्न. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी थेट गिलाव्यावर बसते आणि प्रायमर तिच्यावर लागतो. अ‍ॅक्रिलिक पुट्टी वापरणार असाल तर आधी प्रायमर, मग पुट्टी आणि त्यावर पुन्हा प्रायमर. प्रायमर वगळला तर भिंत रंग असमान शोषते आणि ढगांसारखे डाग दिसतात.

६. रंगाचा पहिला हात. यानंतर थांबा. सुताराचे कपाट, फर्निचरचे पॉलिश, फरशीची सफाई, स्विचच्या प्लेट, पंखे ही कामे आता होऊ द्या. देवाच्या तसबिरी, घड्याळ, वडीलधाऱ्यांचे फोटो कुठे लागणार ते ठरवून भोकेही आत्ताच पाडून घ्या.

७. शेवटचा हात. सगळे कारागीर बाहेर पडल्यावर.

वास्तुशांतीचे काय?

वास्तुशांतीसाठी घर राहण्याजोगे आणि स्वच्छ असावे लागते. रंगाचा शेवटचा हात झालेलाच असावा, अशी कोणतीही अट नाही. उलट पहिल्या हातावर वास्तुशांत करणे अधिक शहाणपणाचे. होमाचा धूर नव्या छतावर बसतो, शंभर पाहुण्यांचे हात भिंतींना लागतात, मांडववाल्याच्या शिड्या कोपरे घासतात. हे सगळे झाल्यावर शेवटचा हात दिला की घर खऱ्या अर्थाने नवे दिसते, आणि भिंतीला वाळायला आणखी काही आठवडे मिळतात. घरातल्या ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगितले तर मुहूर्तही साधतो आणि भिंतही वाचते. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरायचा असेल तर गिलावा दिवाळीनंतर लगेच उरकावा. मधला संपूर्ण कोरडा हंगाम हाती राहतो.

कोणत्या खोलीला कोणता रंग

डिस्टेंपर स्वस्त असतो, पण ओल्या फडक्याने फार पुसता येत नाही. भाड्याने द्यायच्या खोलीला किंवा छताला तो चालतो. राहत्या खोल्यांना इमल्शन बरा. चकाकी जितकी जास्त तितका रंग पुसायला सोपा, पण भिंतीचे उंचसखलपणही तितकेच उठून दिसते. म्हणून हॉलच्या लांब भिंतीला कमी चकाकीचा आणि स्वयंपाकघराला धुता येणारा रंग घ्यावा. फोडणीचे तेल आणि देवघरातल्या समईची काजळी यांचा विचार आधीच करावा.

छटा दुकानातल्या कार्डावरून पक्की करू नका. छोटा डबा आणून प्रत्यक्ष भिंतीवर दोन-तीन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहा. मशीनवर तयार केलेल्या छटेचा क्रमांक लिहून ठेवा आणि एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी घ्या.

हिशेब

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ चौरस फूट वजा केल्यावर ४०३ उरतात. छताचे १२० मिळवले की ५२३ चौरस फूट, म्हणजे सव्वापाच ब्रास. नीट पुट्टी-प्रायमर केलेल्या भिंतीवर इमल्शनचे दोन हात एका लिटरमध्ये साधारण १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे या खोलीला सुमारे चार लिटर रंग लागेल. कोणी आठ लिटर मागत असेल तर कारण विचारा. दोन लिटरमध्ये भागवतो म्हणाला तरीही विचारा, कारण मग रंगात पाणी जास्त जाणार आहे. पाणी किती घालायचे ते डब्यावर छापलेले असते.

रंगाऱ्याशी बोलणे

काम मजुरीवर द्या किंवा मालासकट, पण एका कागदावर लिहून घ्या : कोणती पुट्टी, किती हात, कोणता प्रायमर, रंगाचे नेमके नाव, दर चौरस फुटाला की ब्रासला, दारे-खिडक्या धरून की वेगळ्या. डबे आपल्यासमोर फुटावेत. पैसे टप्प्याने द्या : पुट्टीनंतर, प्रायमरनंतर, पहिल्या हातानंतर. थोडी रक्कम शेवटच्या तपासणीपर्यंत राखून ठेवा.

त्याचबरोबर कारागिराचाही विचार हवा. पुट्टी घासताना उडणारी धूळ थेट छातीत जाते. मास्क, खिडक्या उघड्या, धड परांची आणि प्यायला पाणी ही व्यवस्था घरमालकाने करायला हरकत नाही. 'चार दिवसांत उरका' असा तगादा लावून आपणच त्याला पुट्टी ओली असताना प्रायमर मारायला भाग पाडतो, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटी आरोग्याचे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्या. दारांच्या ऑइल पेंटचा उग्र वास जाईपर्यंत तान्हे बाळ, गरोदर स्त्री आणि दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तींना त्या खोलीत झोपवू नये.

ज्या सभासदांचे बांधकाम सध्या चालू आहे, त्यांनी आजच गिलाव्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि रंगाचा दिवस तिच्यापासून मोजावा. मुहूर्तापासून उलटे मोजत आलो, तर कमी पडणारे दिवस नेहमी भिंतीच्या वाट्याचेच असतात.