इंदूर ते पुणे : अंतर किती, वेळ किती?



मागच्या पालकसभेत पुण्याच्या शैक्षणिक सहलीचा विषय निघाला तेव्हा काही पालकांनी सुचविले, "विमानानेच न्या, तासाभराचा तर प्रश्न आहे." सूचना चांगल्या हेतूची होती. म्हणून आम्ही हिशोब मांडून पाहिला. तो सर्वांना उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम अंतर. नकाशावर दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ४.१४ अंशांचा फरक आहे, रेखांशांत १.८८ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे तो आक्रसत जातो. आपल्या भागात सुमारे १०४ कि.मी. भरतो. म्हणजे दक्षिणेकडे ४६० आणि पश्चिमेकडे १९६ कि.मी. आता नववीच्या मुलांनी पायथागोरसचे प्रमेय लावावे. उत्तर ५०० कि.मी. येईल.

रस्त्याने हेच अंतर सुमारे ६०० कि.मी. होते, कारण रस्त्याला विंध्य आणि सातपुड्याचे घाट उतरावे-चढावे लागतात, खलघाटला नर्मदा आणि शिरपूरजवळ तापी ओलांडावी लागते. रेल्वे तर रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेते, म्हणून नऊशे कि.मी.हून अधिक. हा वळसा कमी करणाऱ्या ३०९ कि.मी.च्या इंदूर–मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

आता वेळ. जेट विमान ताशी ८०० कि.मी. वेगाने उडते असे धरले तर ५०० कि.मी.ला अवघी ३८ मिनिटे लागावीत. मग वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास का दिलेला असतो? कारण हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, उतरण्यासाठी पाळीची वाट पाहणे, हे सारे त्यात येते. पूर्ण वेग मधल्या थोड्याच वेळात मिळतो.

त्यात घरापासून विमानतळ पाऊण तास, दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास आणि मुक्कामी जायला एक तास मिळवा. एकूण साडेपाच तास! बसने सुमारे बारा तास लागतात. विमानाने वेळ वाचतो हे खरे, पण सहलीला जाणे "तासाभराचे" नाही.

आणि खरा प्रश्न वेळेचा नाहीच. विमानाचे भाडे ज्या घरांना झेपणार नाही, त्यांची मुले घरी राहतील. ती मुले कारण सांगणार नाहीत, "मला यायचे नव्हते" एवढेच म्हणतील. इतक्या वर्षांत हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवत आहोत : बसने दिवसाचा प्रवास, धुळ्याला मुक्काम, आणि वाटेत नर्मदा व तापीचे दर्शन. आपले पूर्वज ज्या दिशेने माळव्यात आले, ती वाट मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावी.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. भाषेत आणि हिशोबात चूकभूल द्यावी घ्यावी.

— मुख्याध्यापक